घरोट, शीव आणि आठवण

(एरंडोल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षं चालू आहे, म्हणून यंदा स्मरण हाच विषय घ्यावा असं मनात आलं. स्मरणशक्ती वाढवायचे उपाय सांगायला मी उभा नाही. मला एवढंच पाहायचं आहे की एखादी गोष्ट आपण शिकतो, ऐकतो किंवा भोगतो, त्या वेळी डोळ्यांपुढे जे असतं, म्हणजे भिंत, झाड, माणसं, उजेड, त्याचा ती गोष्ट पुन्हा आठवण्याशी काय संबंध असतो. आणि तो संबंध नीट समजला तर खानदेशातल्या वयस्क माणसांजवळ आज जे शिल्लक आहे ते वाचवायला त्याचा काही उपयोग होईल का.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. काम हाती घे, पुढचं आपोआप जमेल, एवढ्याच अर्थाने ही म्हण वापरली जाते. पण ज्या बायांनी ती घडवली त्यांना ती शब्दशः खरी वाटत होती. ओवी आधी पाठ करून मग जात्याकडे जायचं, असं त्यांच्याकडे नव्हतंच. पहाटेचा अंधार, दिव्याचा उजेड, समोर जातं, पलीकडे बसलेली जाऊ नाहीतर नणंद, हातात खुंटा. एवढं जमलं की ओवी येई.

इथे बहिणाबाईंचं नाव आधी घ्यायला हवं. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्यात जन्मल्या, जळगावात नांदल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी शेतात, चुलीपुढे, घरोटावर काम करता करता झाली. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात, आणि त्या घरोटावरही त्यांचं गाणं आहे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी उतरवून घेतली. पुढे आचार्य अत्र्यांनी ती वाचली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आपण सगळे त्या पुस्तकाचे ऋणी आहोत. मला मात्र पुस्तकाच्या आधीचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. लिहिणारी माणसं त्याच घरात होती, त्याच ओसरीत वावरत होती. गाणं जिथे येत होतं तिथेच ते टिपलं गेलं. वर्षभराने कुणी बहिणाबाईंना शहरातल्या एखाद्या सभागृहात नेऊन, खुर्चीवर बसवून, ‘म्हणा आता’ असं म्हटलं असतं, तर त्यातलं किती हाती लागलं असतं?

हा प्रश्न मला सुचला तो एका प्रसंगामुळे. आमच्या नात्यातल्या एका मावशींच्या ओव्या नोंदवायला काही विद्यार्थी आले होते. मुलं हुशार होती, तयारीही चांगली होती. मावशींना पुढच्या खोलीत बसवलं, मागे पांढरा पडदा लावला, मोबाइल तिकाटण्यावर चढवला. मावशींनी देवाच्या दोन ओव्या म्हटल्या, तिसरी अर्ध्यात तुटली. ‘याद येत नही, भाऊ,’ म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत उठल्या. चहा झाला. बोलता बोलता मुलांपैकी एकीने विचारलं, घरोट आहे का अजून? होतं, मागच्या पडवीत, धान्याच्या कोठीशेजारी, वर रिकामी पोती टाकलेली. पोती काढली. मावशी एक पाय लांब करून, दुसरा दुमडून बसल्या, खुंटा हाताने चाचपला, मूठभर ज्वारी मागवली आणि तोंडात टाकली. घरोटाच्या तोंडात म्हणतोय मी. पहिले काही फेरे नुसतेच झाले. मग भावाची ओवी आली, मग माहेरच्या वाटेची, मग सासऱ्यांच्या नावाची. मुलीने फक्त लिहून घेतलं. मधे एकदा मावशी थांबल्या, पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, तिथे गाय बांधलेली असायची. आणि लगेच गाईची ओवी सुरू.

त्या कोपऱ्यात आता गाय नाही, दावणही नाही. पण कोपरा आहे, आणि तेवढ्याने काम झालं.

घरोटावर डोळ्यांखेरीज हाताची गती, दगडाची घरघर, पिठाचा वास हेही असतं. सगळं श्रेय एकट्या दृश्याला देता येणार नाही. तरी परिसराचा आठवणीवर परिणाम होतो का, हे वेगळं काढून तपासायचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांपासून केला आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९७५ साली डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमधल्या ओबन गावाजवळ पाणबुड्यांना ३६ सुटे शब्द ऐकवले. कधी काठावर, कधी पाण्याखाली. आठवायलाही कधी काठावर लावलं, कधी पाण्याखाली. काठावर ऐकून काठावरच आठवणाऱ्यांना सरासरी साडेतेरा शब्द आठवले, तेच पाण्याखाली गेल्यावर साडेआठच्या आसपास. पाण्याखाली ऐकून पाण्याखालीच आठवलं तर अकराच्या वर, आणि वर येऊन आठवलं तर आठच्या जरा वर. नुसतं जास्त-कमी असं हे नाही. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवतं, ही त्यातली खरी गोष्ट.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत इतका रुजला की त्यावर शंका घ्यायची कुणाला गरज वाटत नव्हती. २०२१ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या एका संशोधकाने तो पुन्हा करून पाहिला, आणि तसा फरक काही मिळाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण व्याख्यानात सोयीचं तेवढंच सांगायची सवय लवकर लागते. मग सगळंच खोटं का? नाही. २००१ साली स्टीव्हन स्मिथ आणि एडवर्ड व्हेला यांनी तोवर झालेले अनेक प्रयोग एकत्र तपासले. परिसराचा परिणाम त्यांना खात्रीने मिळाला, पण माफक आकाराचा, आणि परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होणारा. मला हेच पटतं. आठवण जागेशी बांधलेली असते, पण त्या एकाच दोरीने बांधलेली नसते.

निव्वळ डोळ्यांना दिसणाऱ्या परिसराचं म्हणाल तर स्मिथ आणि मंझानो यांनी २०१० साली पडद्यावर शब्द दाखवताना त्यांच्या मागे वेगवेगळ्या जागांच्या चित्रफिती चालू ठेवल्या. शब्दाचा त्या दृश्याशी काही संबंध नव्हता. नंतर तीच दृश्यं पुन्हा दाखवली तेव्हा त्यांच्यावर आलेले शब्द लोकांना ठळकपणे जास्त आठवले. म्हणजे आपण ज्याकडे लक्ष देत नाही असं आपल्याला वाटतं, ते मागचं दृश्यही मन त्या गोष्टीसोबत ठेवून देतं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग हे जोडकाम करतो. प्राणी विशिष्ट ठिकाणी आला की त्याच भागातल्या विशिष्ट पेशी जाग्या होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली उंदरांत दाखवलं, आणि २०१४ साली त्यांना मोसर दांपत्यासह नोबेल मिळालं. जागा ओळखणं आणि घडलेलं आठवणं यांची वस्ती मेंदूत एकाच मोहल्ल्यात आहे.

बाजारात एखादा ओळखीचा चेहरा दिसतो आणि नाव सुचत नाही, हेही त्यातलंच. रोज ज्याच्या दुकानातून तेल-साखर आणतो तो माणूस पुण्याच्या स्टेशनवर समोर आला, तर ‘याला कुठेतरी पाहिलंय’ यापलीकडे गाडी जात नाही. त्याच्यामागे त्याचं दुकान नाही, तराजू नाही, गल्ला नाही. जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली याच अनुभवाला बसमधल्या खाटकाचं उदाहरण दिलं होतं. चेहरा ओळखीचा आहे हे मनाला कळतं. पण तो कोण, हे शोधायला जागा लागते.

आता या सभागृहात बसलेल्या आईवडिलांसाठी. दहावी-बारावीचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं की घरात काळजी सुरू होते: अनोळखी वर्ग, अनोळखी बाक, पोराला आठवेल का? पाणबुड्यांचा प्रयोग वाचून ही काळजी वाढायलाच हवी, असं कुणी म्हणेल. पण नेमकं हेच विद्यार्थ्यांवर तपासलं गेलं आहे. १९८५ साली सॉफ्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या खऱ्याखुऱ्या परीक्षा पाहिल्या. काही मुलं रोजच्या वर्गात पेपर देत होती, काही दुसऱ्याच खोलीत. अनेक परीक्षा तपासूनही गुणांत म्हणावा असा फरक निघाला नाही. याचं कारण स्मिथ यांनी असं दिलं की आतून मिळणारा आधार भक्कम असला की बाहेरच्या आधाराची गरज उरत नाही. पौर्णिमेच्या रात्री तारे असतातच, पण चंद्रापुढे दिसत नाहीत, तसं. समजून केलेला अभ्यास, स्वतःच्या शब्दांत काढलेली टिपणं, प्रश्नाचे शब्द, हे सगळं इतकं लख्ख असतं की भिंतीचा रंग मागे पडतो. घोकून पाठ केलेल्या, अर्थ न कळलेल्या व्याख्येला मात्र भिंतीचाच आधार असतो. आणि भिंत बदलली की ती व्याख्या निसटते.

यातून एक सोपी गोष्ट करता येते. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्यॉर्क यांनी १९७८ साली एकच ४० शब्दांची यादी काहींना दोन्ही वेळा त्याच खोलीत, तर काहींना दोन वेगळ्या खोल्यांत शिकवली आणि तिसऱ्याच खोलीत विचारली. एका खोलीत शिकलेल्यांना सुमारे १६ शब्द आठवले, दोन खोल्यांत शिकलेल्यांना २४. म्हणून पोराला कोपऱ्यातल्या एकाच टेबलाला चिकटवून ठेवू नका. ओसरीत वाचू दे, गच्चीवर वाचू दे, अंजनी नदीच्या काठी पुस्तक मिटून स्वतःशी बोलत फिरू दे. आठवण एका जागेची ओशाळी राहत नाही.

आणि शिक्षकांना एक विनंती. फळ्यापाशी उभं केलेलं पोर उत्तर आठवताना छताकडे पाहतं, आणि आपण ओरडतो, वर काय बघतोस, वर लिहिलंय का? ही ओरड बंद करा. ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की प्रश्न जरा अवघड असला की माणसं आपोआप नजर वळवतात, आणि नजर वळवल्याने उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण वाढतं. समोरचं दृश्य, विशेषतः समोरच्या माणसाचा चेहरा, मनाचा बराच भाग खाऊन टाकतो. त्या वेळच्या आठवणीशी ज्याचा संबंध नाही असं दृश्य मदत करत नाही, अडवतं. कीर्तनात बुवा मधेच डोळे मिटतात ते नुसत्या भक्तीने नाही. पुढचा अभंग शोधायलाही ते डोळे मिटणं कामाचं असतं. पोर वर पाहतंय म्हणजे ते काम करतंय.

आता मी शिवेकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाची आपल्या मातीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत गंभीर बाजू ती आहे. दोन गावांच्या हद्दीचा तंटा झाला की पेशवाईत आणि त्याआधीही तो चावडीत बसून सुटत नसे. गोतसभा जमे, शेजारच्या गावांची वतनदार मंडळी येत, आणि शीव चालून दाखवावी लागे. हे काम बहुतेकदा महाराकडे असे. डोक्यावर गावची माती किंवा गाईचं कातडं घेऊन, शपथ वाहून तो हद्दीवरून चालायचा, आणि त्याच्या पावलांनी शीव ठरे. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याच स्मरणावर गावाची हद्द उभी होती, ही गोष्ट मला कधी विसरता येत नाही. आणि त्या स्मरणाची रीत पाहा. कागद नाही, नकाशा नाही. हे बाभळीचं झाड, इथून नाल्याचं वळण, तिथे मोठा धोंडा, मग टेकडीचा उतार. एक खूण दिसली की पुढची आठवे. तो माणूस चावडीत बसून हे सगळं सांगू शकला नसता, आणि सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. अशा तंट्यांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, वाचायचे असतील तर लांब जायची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालच्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे.

पण इथेच सावध व्हायला हवं. शपथ कशाला लागे? कारण जागा आठवण जागी करते, तशी खात्रीही वाढवते. आणि खात्री म्हणजे सत्य नव्हे. ओळखीच्या परिसरात पूर्वी पाहिलेली गोष्ट जास्त ओळखली जाते, हे १९९० च्या दशकात मर्नेन आणि फेल्प्स यांच्या प्रयोगांत दिसलं. त्याच प्रयोगांत हेही दिसलं की ओळखीच्या परिसरात माणसं कधी न पाहिलेल्या गोष्टीलाही ‘हो, पाहिलीय’ असं सहज म्हणतात. जागा ‘हो’ म्हणायला लावते. पोलीस तपासात साक्षीदाराला घटनास्थळ मनात पुन्हा उभं करायला सांगायची पद्धत फिशर आणि गायझेलमन यांनी १९८० च्या दशकात बसवली, आणि तिने जास्त तपशील मिळतात. मिळालेला प्रत्येक तपशील तरी इतर पुराव्याशी ताडूनच घ्यावा लागतो.

आपल्याच तालुक्यात पाहा. पद्मालयाला कमळांच्या तळ्याकाठी उभं राहिलं, गणपतीच्या दोन मूर्ती पाहिल्या, एकीची सोंड उजवी, दुसरीची डावी. मग पुढे भीमकुंडाकडे उतरलं, की बकासुराची गोष्ट एरंडोलच्या पोराला न विचारता सुचते. एरंडोल म्हणजे एकचक्रनगरी, ही परंपरा आपल्या पिढ्यांनी पुस्तकातून टिकवली नाही. कुंड, दगड आणि वाट यांच्या आधाराने टिकवली. महाभारतातली कितीतरी उपाख्यानं आपण विसरलो आणि ही विसरलो नाही, याचं कारण ती रोज डोळ्यांसमोर आहे. हे टिकणं मौल्यवान आहे. पण कुंड दिसतं म्हणून इतिहास सिद्ध झाला, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला थांबवलं पाहिजे. कुंड गोष्टीची आठवण देतं. गोष्ट केव्हाची, हे सांगायला दुसरी साधनं लागतात.

जागा नसेल तर? मग साने गुरुजींकडे पाहावं. आपल्या शेजारच्या अमळनेरला ते प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या कोठडीत कोकणातलं त्यांचं पालगड गाव कुठून दिसणार? आई तर कधीच गेलेली. तरीही त्या पुस्तकात विहीर आहे, अंगण आहे, देऊळ आहे, प्रत्येक प्रसंगाला त्याची जागा आहे. स्मिथ यांनी १९७९ साली लोकांना एका खोलीत शब्द शिकवले आणि दुसऱ्या खोलीत आठवायला लावले. आकडा घसरला. पण ज्यांना ‘आधी ती पहिली खोली डोळ्यांसमोर आणा’ असं सांगितलं, त्यांना जवळजवळ पहिल्या खोलीत बसलेल्यांइतकंच आठवलं. तुरुंगातल्या गुरुजींना हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी समजूत अशी की ते आधी पालगडच्या विहिरीवर जाऊन उभे राहत असणार, आणि मग आई बोलत असणार.

खानदेशातली निम्मी तरुण पोरं आज पुण्या-सुरतेला आहेत, असं वाटावं इतकी घरं रिकामी दिसतात. म्हातारपणी आईला तिकडे नेतात, प्रेमानेच नेतात. फ्लॅटमध्ये आल्यावर ती चहाचा डबा शोधत राहते, एकच गोष्ट पुन्हा विचारते, आणि मुलगा म्हणतो, आईचं विसरणं वाढलं. वाढलेलं असेलही, त्यासाठी डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. पण एरंडोलच्या धाब्याच्या घरात तिला डबा आठवावा लागत नव्हता. तो देवळीत डाव्या हाताला दिसत होता. ज्या आधारांवर ती इतकी वर्षं चालली ते सगळे आपण एका दिवसात काढून घेतले. निदान तिच्या खोलीत तिची पेटी, तिचा देव्हारा, दादांचा तोच फोटो त्याच उंचीवर लावा. डबे तिला विचारून मांडा.

शेवटी कामाचं बोलतो. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ते काम आपल्या तालुक्यात गावोगाव पुरं झालं आहे असं मानून बसू नका. इथल्या महाविद्यालयातल्या आणि वाचनालयातल्या मुलामुलींनी या उन्हाळ्यात ते हाती घ्यावं. जाताना पांढरा पडदा नेऊ नका. बाईंना खुर्चीवर बसवू नका. जिथे घरोट होतं तिथे बसवा, घरोट नसेल तर निदान त्याच पडवीत, त्याच भिंतीकडे तोंड करून. शक्य तर पहाटे जा. सोबत त्यांची जाऊ किंवा शेजारीण असू द्या, कारण दळताना त्या एकट्या नव्हत्या. ‘ओवी म्हणा’ असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, इथे काय काय होतं, दिवा कुठे असायचा, सासूबाई कुठे झोपत, गाय कुठे बांधलेली असे. त्या थांबल्या की गप्प राहा, आणि त्या कुठे पाहताहेत ते पाहा. वहीत ओवीच्या शेजारी एक रकाना आखून ठेवा आणि त्यात लिहा: ही ओवी आली तेव्हा समोर काय होतं.